सहा टाके आणि एक बेट

३ तारीख, मंगळवार

नव्या नोकरीला दोन आठवडे झाले. रोज कुणाच्या बॅगेत काय सापडलं ते ऑफिसच्या रजिस्टरात लिहावं लागतं. तिथे जे लिहिता येत नाही, ते लिहायला ही वही काढली.

सव्वीस वर्षं मी बॅगा दुरुस्त केल्या. चेन, हँडल, चाकं, अस्तर. आता बॅग दुरुस्त कोण करतो? फेकतात आणि नवी आणतात. दुकान बंद झालं, तेव्हा मालकाने निरोपादाखल मला माझीच कात्री भेट दिली. बॅगेचे सगळे चोरकप्पे मला पाठ, म्हणून धक्क्यावरच्या तपासणीच्या खोलीत मला घेतलं.

समोर अर्ध्या तासावर बेट. तिथे उंदीर नाही, मांजर नाही, म्हणून तर भुईपाखरं उरलीत. कोंबडीएवढी, तपकिरी, उडता न येणारी, जमिनीवरच अंडी घालणारी. सगळ्या जगात मिळून दोनशेही नाहीत. एक पोटुशी उंदरीण तिकडे पोचली की दोन वर्षांत कारभार आटोपला, असं रेंजर म्हणते. रेंजर म्हणजे माझी साहेब. वयाने माझ्या पोरीएवढी, मला काकू म्हणते, पण कामात काडीची सवलत देत नाही.

काम सोपं आहे. खोलीचं दार लावल्याशिवाय बॅग उघडायची नाही, म्हणजे काही पळालंच तर खोलीत सापडेल. बुटांचे तळ ब्रशने घासायचे, मोज्यांतली कुसळं वेचायची, प्रत्येक कप्प्यात हात घालायचा. अस्तर फाटकं असेल तर बॅग पुढे जात नाही. सामान आमच्या झाकणाच्या डब्यात, बॅग इथल्या कपाटात. लोक कुरकुरतात. कुरकुरोत.

घरी वन्संना येऊन चार महिने झाले. ह्यांची थोरली बहीण. टेलिफोन खात्यात तीस वर्षं बायकांच्या अख्ख्या पाळीवर अंमल गाजवला. यजमान गेले, मग खुब्याचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या मजल्यावरचं घर विकावं लागलं, म्हणून आमच्याकडे आल्या. बाई भारी शिस्तीच्या, मला तर त्यांच्यासमोर अजून नव्या सुनेसारखं वाटतं. जेवायला बसल्या की दोन घास खाऊन पुरे म्हणतात. माझ्या हाताला चव नाही असंच त्यांना म्हणायचं असणार. परवा ओट्यावर बिस्किटाचा चुरा दिसला तेव्हा मी चांगलं मोठ्याने सुनावलं की या घरात अवेळी चरायची पद्धत नाही, मुंग्या होतात. ह्यांना उद्देशून होतं ते. हे पेपरातून मान वर काढतील तर शपथ. वन्सं उठून त्यांच्या खोलीत गेल्या.

५ तारीख, गुरुवार

वन्संना बेट बघायचं होतं. मीच पास काढून दिला. चौदा जणांची तुकडी, त्यात त्या. हातात त्यांच्या यजमानांची जुनी चामड्याची बॅग. चामडं अजून काय सुरेख आहे. पण टेबलावर उघडते तर खालच्या कोपऱ्यात मरून अस्तर दोन बोटं उसवलेलं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर बॅगा शिवणाऱ्या बाईची नणंद आणि बॅग फाटकी, तीही तेरा परक्या माणसांसमोर. एप्रनच्या खिशात सुई आणि मेणाचा हिरवा दोरा असतोच. सहा टाके घातले, एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

वन्सं हळूच म्हणाल्या, "अगं, पण नियम काय आहे तुमचा?"

"नियम परक्यांना," मी म्हटलं आणि चेन ओढून बॅग त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी आल्या त्या नुसत्या फुललेल्या. सहा पाखरं दिसली म्हणे. एक तर त्यांच्या काठीला चोच मारून गेलं. जेवताना चक्क दुसऱ्यांदा भाजी घेतली.

८ तारीख, रविवार



घाईतले टाके मला बघवत नाहीत, म्हणून आज सुट्टी बघून वन्संची बॅग नीट शिवायला घेतली. अस्तर उलटं केलं आणि उजेडात धरलं. कापड मला कळतं. उसवलं की दोरे एका अंगाने सुटतात, कापलं की कड सरळ येते. ही कड चावून चावून भुसभुशीत झालेली. कुरतडलेलं होतं ते, आधीपासून. गुरुवारी मी नीट बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. मी भोक बुजवायला निघाले होते, बघायला नाही. आणि आता माझ्या सहा टाक्यांपैकी चार तुटलेत, दोऱ्याचा पत्ता नाही, शेजारी भलंमोठं नवं भोक. तळाशी तांदळाएवढ्या दोन काळ्या लेंड्या.

म्हणजे मी उंदीर अस्तरात शिवून बेटावर धाडला की काय? गुरुवारी ही बॅग चार तास तिथल्या झोपडीत बाकाखाली पडून होती. टाके तिथे तोडले की घरी परत आल्यावर?

ह्यांना दाखवलं. म्हणाले, घरातच असेल, घरात उंदीर असतातच. मी म्हटलं, माझ्या घरात नसतात. तरी दोन सापळे लावले.

वन्संनी कारण विचारलं, सांगितलं. ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. मग खुबा धरून वाकून स्वतःची खोली स्वतः झाडायला लागल्या, कपाटाच्या खालपर्यंत. मला ते भारी झोंबलं. सकाळीच तर मी झाडली होती. केर काढायलाही मी नालायक, असंच ना?

९ तारीख, सोमवार

सांगितलं नाही.

सकाळी रेंजर आली ती खुशीत. यंदा सात घरट्यांत अंडी आहेत म्हणाली, अशी साल आठ वर्षांत आली नव्हती. मी रजिस्टर उघडलं. मग दिवसभर लोकांना छळलं. एका गृहस्थाची छत्री तीनदा उघडून बघितली. तो म्हणाला, बाई, पाऊस तरी शोधा आता आतमध्ये. सगळे हसले, मीही हसले.

मनाशी पन्नास सबबी झाल्या. कुणी बघितलंय? ह्यांचं म्हणणं खरंही असेल. नोकरी गेली तर या वयात कोण उभं करणार? आणि नोकरीपेक्षाही, त्या पोरीच्या डोळ्यांतून उतरायचं माझ्या जिवावर आलंय.

पण सात घरटी. त्या पाखरांना साधं उडून जाता येत नाही.

१० तारीख, मंगळवार

सांगून टाकलं. दार लावून, उभ्या उभ्या, एका दमात. अस्तर फाटलेलं दिसलं, आत हात घातला नाही, वरून शिवलं, बॅग घरच्या माणसाची होती.

रेंजर खुर्चीवर बसली. "गुरुवारची गोष्ट. तुम्हाला कळलं कधी?"

"रविवारी."

"मग काल का नाही बोललात, काकू?"

"भीती वाटली," मी म्हटलं. 

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने फोन उचलला आणि एकामागून एक सहा ठिकाणी लावला. तीन आठवडे बेट बंद. सगळे पास रद्द. उंदराच्या पायांचे ठसे टिपायला साठ जागी शाईपेट्या मांडायच्या. प्रत्येक फोनवर "आमच्या तपासणीत चूक झाली" म्हणाली. आमच्या म्हणाली, काकूंच्या नाही. तेव्हा मला मेले तर बरं असं झालं.

फोन संपल्यावर मी विचारलं, उद्यापासून येऊ नको ना? ती म्हणाली, काढायचं की ठेवायचं ते नंतर बघू. साठ पेट्या रोज वाचायला तिला माणूस हवंय, आणि बारीक खूण ओळखणारी नजर माझ्याकडे आहे. सकाळी आठला बोट.

घरी आले तर वन्सं तयार होऊन बसलेल्या. बॅग माझी आहे, मी येऊन तुझ्या साहेबांना सांगते म्हणाल्या. मी जरा फटकूनच बोलले, तुमचा काय संबंध, टाके माझे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं त्यांनी आणि मिटलं.

एवढं सगळं होऊनही अंगावरून मणभर ओझं उतरलंय. आज दोन दिवसांनी जेवले.

११ तारीख, बुधवार

तीन आठवडे बेटाच्या धक्क्यावर काम करते, पण बेटावर कधी गेले नव्हते. विचारलं कुणी की म्हणायचे, वेळ कुठाय. खरं कारण पाणी. बोटीत पाय ठेवला आणि पायांखालची जमीन हलली, म्हणजे शब्दशः हलली. अर्धा तास डोळे मिटून रेंजरचा दंड धरून बसले. तिने सोडवून घेतला नाही.

त्याआधी तिने माझी बॅग तपासली. सगळे कप्पे, अस्तर उलटं करून, माझ्या चष्म्याच्या घरातही बोट फिरवलं. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बोलायला तोंड कुठे होतं?

शाईपेटी म्हणजे हातभर लांबीचा बोगदा. मध्ये शाईची पट्टी, दोन्हीकडे पांढरा कागद, आत वासाला पीनट बटरचा ठिपका. जो शिरेल त्याचे पाय कागदावर उमटतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच. हे मी परीक्षेसारखं घोकलं. तीस पेट्या मी मांडल्या, तीस तिने. चार बोटं दिसली की बेटावर उंदीर आहे, मग विषाची आमिषं, मोठी माणसं, आणि घरट्यांचं जे होईल ते होईल.

अठराव्या पेटीपाशी गुडघ्यावर बसले होते तर झुडपातून एक भुईपाखरू आलं. आलं आणि माझ्या बुटाची नाडी ओढायला लागलं. मी हलले तरी जाईना. माणसाला बिचकायचं असतं हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. काळे मण्यांसारखे डोळे करून माझ्याकडे बघत राहिलं. मला रडू फुटलं, अगदी मोठ्याने. पाखरू तेवढं सरकलं, दोन पावलं मागे, आणि परत नाडीला लागलं.

१३ तारीख, शुक्रवार

दोन दिवस कागद कोरे. पाठ धरलीये. बोटीत आज डोळे उघडे ठेवले, थोडा वेळ.

वन्संच्या टेबलावर पेपरातलं कात्रण दिसलं, भाड्याच्या खोल्यांचं. एकट्या व्यक्तीस, तळमजला. एकीसाठी असेल त्यांच्या मैत्रिणींपैकी. ह्यांना विचारलं तर म्हणाले, विचार की तिलाच. मी कशाला विचारू, मला नसत्या चौकशा आवडत नाहीत.

१६ तारीख, सोमवार

आज काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी निघणार तेवढ्यात वन्संनी हाक मारली. आवाज असा की मला वाटलं पडल्या. खोलीत गेले तर कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणासमोर उभ्या. खणात त्यांची लोकरीची शाल, आणि शालीत घरटं. पाच गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी. घरटं कशाचं? मरून अस्तराच्या चिंध्यांचं. आणि त्यात गुंडाळलेला मेणाचा हिरवा दोरा. माझा.

मी खाली फरशीवरच बसले. उंदीर घरात बघून आनंदाने बसकण मारणारी मी पहिलीच बाई असेन. दोरा गुरुवारी सकाळी बॅगेत घातलेला, तो आज या खणात, म्हणजे बॅग बेटावरून परत आल्यावर इथे, या घरात तोडला. उंदरीण आमची, घरचीच.

मग दिसली खणाच्या मागच्या बाजूला बिस्किटांची वेष्टनं. अकरा. एकेकाची चौकोनी घडी.

"बिस्किटं माझी," वन्सं म्हणाल्या. "आधी बॅगेत ठेवायचे. मग इथे. त्या दिवसापासून तुला सांगायचं म्हणतेय."

मी चक्रावले. स्वयंपाकघर उघडं आहे, कुलूप नाही काही नाही. लपवायची काय गरज? त्या म्हणाल्या, सवय गं, ऑफिसातही ड्रॉवरमध्ये असायची. मग ठीक आहे. बाईंना एवढं ओशाळताना मी कधी बघितलं नव्हतं. शाल नि पिल्लं काढून टाकून कुणाला न सांगता मोकळ्या झाल्या असत्या तर मला काय कळणार होतं? पण बोलावलं मला. मी त्यांचा हात धरला आणि वन्सं, तुमचे उपकार झाले म्हटलं. त्यांना कळेना मी हसतेय की रडतेय. मलाही कळत नव्हतं.

ह्यांनी अख्खा खण उचलून मागच्या मोकळ्या जागेपलीकडे नेला. मी म्हणत होतोच घरात असेल, असं जाताना दोनदा ऐकवलं. ऐकून घेतलं.

१७ तारीख, मंगळवार

हिरवा दोरा कागदात गुंडाळून रेंजरला नेऊन दाखवला. आठवड्यात पहिल्यांदा हसली. पण मग लगेच म्हणाली, एक घरी सापडला म्हणजे दुसरा बेटावर गेला नाही असं होत नाही. फाटकं अस्तर घेऊन बॅग गेली ती गेलीच. पुरे तीन आठवडे बघायचं.

बरोबर आहे तिचं. तरी आज बोटीत मी बोटवाल्याशी गप्पा मारल्या.

२२ तारीख, रविवार

बाजारातून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणला. उंदरांचा बंदोबस्त मुळापासून करायला हवा. डब्यात तीन तऱ्हेची बिस्किटं भरली आणि वन्संच्या उशाशी नेऊन ठेवला. सांगितलं, झाकण नीट लावा आणि संपलं की हाक मारा, अवेळी लागलं काही तर उठून स्वयंपाकघरात जायला नको तुम्हाला, खुबा आहे. त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि खूप वेळ झाकणच लावत बसल्या. डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाल्या. जुन्या शालीची लोकर उडत असेल खोलीत.

संध्याकाळी वाण्याची यादी करायला त्यांनीच कागद दिला. त्या खोल्यांच्या जाहिरातीची मागची बाजू होती. मैत्रिणीचं जमलं असेल कुठेतरी.

२६ तारीख, गुरुवार

चव्वेचाळीस नंबरच्या पेटीत ठसे. कागद ओढला आणि रेंजरला हाक मारली.  ती पळत आली, कागद उजेडात धरला आणि म्हणाली, काकू, मध्ये शेपटीची रेघ बघा, बोटं बघा केवढी लांब. सरडा. इथलाच, हक्काचा रहिवासी.

परत येताना पोरीने डब्यातली अर्धी पोळी मला दिली.

३१ तारीख, मंगळवार

शेवटचा दिवस.

साठ पेट्या, आम्ही दोघी. आज एकमेकींपासून लांब जायची इच्छा नव्हती, मग सगळ्या बरोबरच वाचल्या. एक कोरा, दोन कोरा, तीनवर गोगलगायीची रेघ. चाळीसपर्यंत आम्ही बोलत होतो. पन्नासनंतर प्रत्येक कागद दोनदा उलटून बघितला.

सत्तावन्न कोरा. अठ्ठावन्न कोरा. एकोणसाठाव्या पेटीचा कागद मी ओढला आणि त्यावर काळे ठिपके. बारीक. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मध्ये अडखळलेले, परत फिरलेले, गिरक्या घेतलेले. शेपटीची रेघ नाही.

 सात घरटी माझ्यापायी गेली, हेच एक डोक्यात.

"मोजा," रेंजर म्हणाली. तिचाही आवाज बदललेला.

चष्मा पुसला. बोट धरून मोजलं. एक, दोन, तीन. पुढचा ठसा. एक, दोन, तीन. दहा ठसे मोजले. चौथं बोट कशालाच नाही.

"तीन," मी म्हटलं.

रेंजर मटकन गवतात बसली. मोठं पाखरू या बोगद्यात मावतच नाही, म्हणाली. हे पिल्लू. यंदाचं पहिलं. अंड्यातून बाहेर आलंय आणि चालतंय.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला या वयात कळलं. आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत किती वेळ बसलो देव जाणे. कागद मला हवा होता, पण तो ऑफिसच्या नोंदीत जातो. नियम आहे, मी मागितला नाही. साठावी पेटी कोरी निघाली. बेट उद्यापासून उघडं, आणि उद्या आठला मी माझ्या टेबलावर, असं रेंजर उठता उठता म्हणाली. जणू काय त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

झोपडीतल्या फोनवरून घरी लावला. हे पेपर वाचत असणार, वन्संनी उचलला. मी म्हटलं, वन्सं, उंदीर नाही, पिल्लू आहे.

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मग ये आता लवकर," त्या म्हणाल्या. "मला भूक लागलीये गं."

बोट सुटायला अजून वीस मिनिटं होती. मी धक्क्यावर जाऊन बोटवाल्याला म्हटलं, बाबा, आज जरा लवकर काढ.